पाण्यात दिसलेले पाय

मेंढरं कातरायच्या आधी धुवावी लागतात. रानात हिंडून लोकरीत काटे, कुसळं, चिखल, सगळं अडकून बसलेलं असतं आणि तशा लोकरीत कातर चालत नाही. चाललीच तर व्यापारी नाक मुरडतो. म्हणून कातरणीच्या दिवसांत आमचे आबा सगळा कळप गावाबाहेरच्या पाझर तलावावर घेऊन जायचे. वाटूर फाट्यापासून आत, माळाला लागून आमचं गाव; त्या माळाच्या पलीकडं हा तलाव. आबा धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे. काठावरून माय एकेक मेंढरू ढकलायची आणि आबा त्याला झेलायचे. डाव्या तळहातावर मेंढराची हनुवटी, उजव्या हातानं पाठीची लोकर खसाखसा चोळायची. मेंढरू आधी डोळे फिरवायचं, पाय झाडायचं, आणि हनुवटीखालचा हात कळला की गप व्हायचं. धुऊन झालं की आबा त्याला खोल पाण्याकडं सोडायचे. ते वळसा घालून पोहत दुसऱ्या काठाला लागायचं आणि अंग झटकत उन्हात जाऊन उभं राहायचं. मी पोहायला तिथं शिकले, मेंढरांच्या मधोमध. पुढं पुष्कळांनी मला विचारलं की तुमचे पहिले प्रशिक्षक कोण. खरं सांगितलं की लोक हसायचे, त्यांना वाटायचं ही गंमत करतेय. मग मी सांगणंच सोडून दिलं. आता लिहायला बसलेच आहे तर लिहून टाकते.

मला काठावर घोंगडीवर बसवलेलं असायचं. नुकती चालायला लागले होते तेव्हाच एका तापात माझे दोन्ही पाय गेले. त्या तापाचं मला काहीच आठवत नाही, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. एका वर्षी मी घोंगडीवर बसून कंटाळले आणि भोकाड पसरलं, मला पण पाण्यात सोडा म्हणून. माय म्हणाली, "गप बस, बुडशील." आबांनी हातातलं मेंढरू सोडलं, काठाला आले आणि मला उचलून घेऊन गेले. हनुवटीखाली तोच हात, खरखरीत आणि लोकरीच्या मेणानं चिकट झालेला. "तोंड वर ठेव. हात मार," एवढंच म्हणाले. मी हात मारले. जमिनीवर मी हातांवरच फिरायचे, त्यामुळं हातांना कष्ट नवीन नव्हते. आमच्या कळपात एक थोराड एडका, म्हणजे नर मेंढा, होता. पुढं पुढं आबा मला त्याच्या पाठीची लोकर धरायला लावायचे आणि तो मला ओढत पलीकडच्या काठाला न्यायचा. एकदा मध्यावरच माझ्या मुठीतून लोकर सुटली, एडका निघून गेला, आणि मी बुडाले नाही. तलावाचं पाणी कायम गढूळ. कोपरापुढचा स्वतःचा हातही त्यात दिसायचा नाही. पाण्याखाली माझं काय चाललंय हे मलाही दिसत नव्हतं आणि काठावरच्या कुणालाच दिसत नव्हतं. ते एक सुख होतं, हे मला फार उशिरा कळलं.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, मागं मेंढवाडा. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे मेंढरांचं खोकणं, अगदी म्हाताऱ्या माणसांसारखं. आबा पहारीला कातर घासायचे तो आवाज. आणि संध्याकाळचा कालवा. कळप घरी आला की दिवसभर कोंडलेली कोकरं सोडायची. सगळी कोकरं एकाच वेळी आपापल्या आईला हाका मारायची आणि सगळ्या आया आपापल्या कोकराला. त्या वेळी घरात माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग एकेक जोडी जुळत जायची, तसतसा आवाज उतरत जायचा, आणि शेवटी एखादंच चुकलेलं कोकरू ओरडत राहायचं. परदेशातल्या एका स्पर्धेत, समुद्रात उतरण्याआधी, आम्ही सगळ्या खेळाडू आपापल्या मदतनिसांना नाना भाषांतून हाका मारत होतो तेव्हा मला हा कालवा आठवला आणि इतकं हसू फुटलं की शेजारच्या बाईला वाटलं, मला काहीतरी झालं.

मी बसल्या कामाची. चुलीजवळ एकदा बसवलं की उठायचा प्रश्नच नाही, म्हणून मायनं मला सगळी चुलीपाशची कामं लावून दिली होती. भाकरी उलटायची, लसूण सोलायचा, लोकर पिंजायची. थंडीत माय ज्वारीच्या पिठाचे शेंगुळे करायची. वेढे वळायचं काम माझं. लसणाचा ठेचा घातलेल्या उकळत्या पाण्यात ते सोडले की घरभर वास सुटायचा आणि आबा मेंढवाड्यातूनच विचारायचे, "झालं का गं?" माय म्हणायची, "तुमची लेक वळून राह्यली. तिला जल्दी करता येत न्हाई." मला येत होती जल्दी करता. पण मला ते वळणं आवडायचं.

आणि शाळेला मी जायचे ती अक्काच्या पाठीवर. अक्का, म्हणजे कमल, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. गावातली शाळा पार पलीकडच्या टोकाला. अक्का खाली बसायची, मी तिच्या गळ्यात हात टाकायचे, ती माझे दोन्ही पाय गुडघ्यामागून आपल्या हातांत धरून उठायची आणि चालायला लागायची. दप्तर माझ्या पाठीवर. वाटेत आम्ही सारख्या भांडायचो. मला वेगळ्या वाटेनं जायचं असायचं आणि तिला जवळच्या. "पाय माझे हाइत, वाट माझी," ती म्हणायची. सुरुवातीला मला वर्गात सोडून ती घरी परतायची. गुरुजींनी तिलाही बसायला सांगितलं, म्हणून ती बसू लागली. असं करत तीही सातवी शिकली. मग तिचं लग्न ठरलं. नवरा अंकुशनगरला, साखर कारखान्यात कामाला. लग्नाच्या धामधुमीत सगळे रडले ते तिच्यासाठी. मी रडले ती शाळेसाठी, आणि ते तिला कळलं होतं. जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तीनचाकी मिळून राह्यली म्हनं अपंगांच्या शिबिरात. आबांच्या मागं लाग."

मागं लागले. हातानं फिरवायची ती तीनचाकी सायकल लोखंडाची, जड, साखळी सारखी उतरणारी. पण तिच्यावर बसून मी एकटी वाटूरच्या हायस्कुलात जाऊ लागले. वाटेत एक चढ होता. तिथं लोक न विचारता मागून ढकलायचे आणि मी ओरडायचे, "सोडा! माझी मी जाते!" लोकांना राग यायचा. माझे दंड मात्र असे झाले की मायला माझी पोलकी उसवून पुन्हा शिवावी लागली. पुढं मी जी स्पर्धा करू लागले तिच्यात आधी पोहायचं असतं, मग हातानं फिरवायची सायकल आणि शेवटी तीन चाकांची शर्यतीची खुर्ची. ती सायकल आता इतकी हलकी असते की एका हातानं उचलावी. लोक तिच्याकडं नवलानं बघतात. मी मनात म्हणते, हे यंत्र माझ्या ओळखीचं आहे.

दहावीच्या वर्षी, हिवाळ्यात, हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांनी जालन्याला अपंगांच्या क्रीडा स्पर्धांसाठी माझं नाव दिलं. आबांनी कळप मायवर सोपवला आणि मला एस.टी.नं घेऊन निघाले. तीनचाकी वर टपावर बांधली. मैदानावर तीनचाकीची शर्यत झाली आणि मी इतक्या पुढं पोचले की मागं वळून पाहिलं तर बाकीच्या मुली अजून मधेच होत्या. शर्यत संपल्यावर एक बाई माझ्याकडं आल्या. साळवे मॅडम. शहरातल्या एका महाविद्यालयात खेळ शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, केस कापलेले. केस कापलेली बाई मी तेव्हा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होते. त्यांनी माझा दंड दाबून पाहिला, आबा मेंढराची पाठ दाबून पाहतात तसा.

"पोहता येतं?"

"येतं."

"कुठं पोहतेस?"

"तळ्यात."

त्या आबांकडं वळल्या. "दुपारी पोहण्याची निवड आहे. राज्याच्या स्पर्धेला जिल्ह्यातून दोन मुली पाठवायच्या आहेत. हिची निवड झाली तर आमच्या वसतिगृहात खेळाडू म्हणून जागा देता येईल. पुढं कॉलेज इथंच करेल."

आबा माझ्याकडं पाहत राहिले. दहावीनंतर मी काय करणार हे घरात कुणी बोलत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मी चुलीपाशी बसणार होते. आबा म्हणाले, "पोहती ती. बिलकुल पोहती."

पोहण्याचा तलाव मी तोवर पाहिला नव्हता. चारी बाजूंनी फरशी, आणि मधे निळं पाणी. इतकं निळं की मला वाटलं रंग टाकलाय. कपडे बदलायच्या खोलीत मॅडमनी मला टी-शर्ट आणि अर्धी चड्डी दिली. आमच्या तळ्यात मी परकर-पोलक्यावर उतरायचे. मी म्हटलं, परकर असू द्या. त्या म्हणाल्या, "परकर ओढेल गं तुला खाली." खरंच होतं. मी बदललं. आबांनी मला उचलून काठावर बसवलं, मॅडमनी डोळ्यांना पोहण्याचा चष्मा लावला आणि मला पाण्यात सोडलं. काठ धरून मी तोंड पाण्यात घातलं, आणि मला माझे पाय दिसले.

पाय मला माहीत नव्हते असं कसं म्हणू? माझेच पाय. पण घरात ते परकराखाली, घोंगडीखाली असायचे, अंघोळीला माय पाणी घालायची तेव्हा मी दुसरीकडं बघायचे, आणि त्यांच्याकडं बघायचं नाही हे कुणी न सांगता ठरून गेलं होतं. इथं ते स्वच्छ पाण्यात लोंबत होते. बारीक, पांढुरके, पाणी हलेल तसे हलत. दोरीला बांधलेलं काही असावं तसे. आणि काठावर रांगेनं माणसं उभी होती, ती तेच बघत होती. शिट्टी झाली. मी हात मारायला लागले. वाटलं, पुढं गेले की ते मागं राहतील. पण आता तळाच्या फरशीवर माझी सावली दिसायला लागली. मोठे मोठे दोन हात, आणि मागं काहीच नाही, नुसत्या दोन रेघा. मी जोरात हात मारला तर तीही जोरात मारायची. मी थांबले. खोल पाण्याच्या मध्यावर थांबले. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. पहाऱ्यावरच्या माणसानं उडी मारून मला काखेतून ओढत काठाला आणलं. वर काढून फरशीवर ठेवलं तेव्हा मी खोकत होते आणि दोन्ही हातांनी टी-शर्ट खाली ओढत होते, पाय झाकायला.

"हिला पोहता येत नाही हो," कुणीतरी म्हणालं. खांद्यावरची घोंगडी काढून आबांनी माझ्या पायांवर टाकली.

जुना जालन्यात हनीफचाचांचं लोकरीचं दुकान होतं. आबा वर्षानुवर्षं त्यांनाच लोकर घालायचे. परतीच्या एस.टी.ला वेळ होता म्हणून आम्ही तिथं जाऊन बसलो. गल्लीत हमाल धान्याची पोती वाहत होते, रिक्षावाले भोंगे वाजवत होते, आणि मी लोकरीच्या ढिगाला टेकून बसले होते. चाचांनी चहा दिला, सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "क्या गे बेटी, पानी कू डर गई क्या?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"फिर?"

तेवढ्यात साळवे मॅडम पत्ता विचारत विचारत दुकानापाशी आल्या. सायकल भिंतीला लावून त्या थेट माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "सुरुवातीला तू मारलेले हात पाहिले मी. तशी मुलगी बुडत नाही. मधे काय झालं?"

मी आबांकडं पाहिलं. आबा उठून बाहेर गेले. मग मी सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत आणि 'त्यात काय एवढं' असंही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात पुन्हा निवड आहे, दोन्ही नावं तेव्हाच ठरतील. तोवर रोज सकाळी बायकांच्या वेळेत ये. पण तुला पाण्यात उतरवायला कुणीतरी बाई माणूस लागेल. मी एकटी सगळ्यांना पुरणार नाही."

माय येऊ शकत नव्हती. कोकरांचे दिवस होते. चाचा म्हणाले, राहायला आमच्या घरची मागची खोली आहे. उरली अक्का.

आबा मला घेऊन दुसऱ्या दिवशी अंकुशनगरला गेले. गाळप चालू होतं. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला ओळीनं थांबलेल्या, हवेत मळीचा गोड-आंबट वास. अक्काच्या कडेवर तिची लेक होती, नुकती बसायला लागलेली. आबांनी येण्याचं कारण सांगितलं. अक्काची सासू भाकरी थापत होती, तिनं हात न थांबवता विचारलं, "पोहून काय भेटनार हाय तिला?"

अक्का म्हणाली, "मला न्हाई माहीत, आत्याबाई."

"मंग काहून जायचं?"

"तिला पान्यात सोडायला कोनी न्हाई म्हनून."

सासूबाईंनी ती भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली, फुगू दिली. आम्ही सगळे त्या भाकरीकडं बघत बसलो होतो. मग त्या म्हणाल्या, "इकडं गाळपाच्या टायमाला दोन वेळचं कोन करनार? मीच करते, जा. पोर घेऊन जा पन. तुझ्याबिगर ऱ्हानार न्हाई ती." आणि माझ्याकडं बघून, "तू खाऊन घे आधी. हात बघ कसे झालेत, गड्यासारखे." मला अजून कळत नाही की ते कौतुक होतं की काय होतं. भाकरी मात्र त्यांनी मला पहिली वाढली.

चाचांच्या घरी सकाळी खिचडी आणि खट्टा असायचा. चिंचेचं, तिळाचं ते आंबट पातळ खिचडीवर घालून आम्ही दोघी खायचो, बाळाला चाची सांभाळायच्या, आणि रिक्षानं आम्ही तलावावर जायचो. पहिल्या दिवशी अक्कानं मला उचलून काठावर बसवलं आणि मी तिथंच बसून राहिले. घोंगडी पायांवर. बाकीच्या बायका पोहून गेल्या. मॅडम लांबून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी अक्का चिडली.

"सासूला सांगून आलेय मी. तू बसून काय राह्यली नुसती?"

"दिसतात," मी म्हटलं.

"काय दिसतंय?"

"पाय."

अक्का उठली. मग मॅडमकडं गेली आणि त्यांचा एक जुना पंजाबी ड्रेस मागून घेऊन आली. अक्काला पोहता येत नव्हतं. तलावावर मेंढरं धुताना ती कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती. त्या दिवशी ती दांडी धरून उथळ भागाच्या पायऱ्या उतरली, कमरेच्या वर पाण्यात जाऊन उभी राहिली, आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "ये."

मी घोंगडी बाजूला केली आणि तिच्या गळ्यात हात टाकले. तिनं मागं हात करून गुडघ्यामागून माझे पाय धरले. पाण्यात चालायला लागली, आणि एकदम थांबून हसायला लागली. "अगं, तुला तर वजनच न्हाई! शाळेत जाताना काहून नव्हतं असं?" आम्ही दोघी त्या उथळ पाण्यात इकडून तिकडं फिरत होतो आणि ती हसत होती. मग तिनं मला काठाला टेकवलं, माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून आपल्या डोळ्यांना लावला, नाक दाबलं आणि पाण्याखाली गेली. मला तिची वेणी तेवढी वर तरंगताना दिसत होती. ती खाली होती तेवढा वेळ माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वर आली, तोंड पुसलं.

"पाह्यले."

"मंग?"

"तसेच हाइत."

"कसे?"

"जसे होते तसे. तुला नवीन हाइत, मला काय नवीन? रोज शाळेत नेलेत मी. उन्हाळ्यात घाम यायचा त्यांना, थंडीत गार पडायचे, मी चालता चालता चोळायची, तुला ठावं बी न्हाई. उजव्या गुडघ्याच्या मागं तीळ हाय तुला. माहीत हाय का?"

माहीत नव्हतं.

"बघ मंग," ती म्हणाली आणि चष्मा माझ्या हातात दिला.

मी पाण्यात तोंड घातलं. अक्कानं माझा उजवा पाय हळूच उचलून वळवला. तिच्या बोटांत तो होता, पाण्यामुळं थोडा मोठा दिसत होता, आणि गुडघ्याच्या खोबणीत खरंच एक तीळ होता, तिच्या अंगठ्याच्या शेजारी. मी श्वास संपेपर्यंत बघत राहिले. वर येऊन पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा बघितलं. वाईट वाटलंच. वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण जिच्याबद्दल वाईट वाटावं अशी ती एक वस्तू उरली नाही, ते पाय झाले. कुणीतरी वर्षानुवर्षं हातात धरलेले. लोक मला भाषणं द्यायला बोलावतात आणि विचारतात की तुम्ही स्वतःला कसं स्वीकारलं. हा शब्द मला जड जातो. मी स्वीकारलं वगैरे काही नाही. मला ते आधी दुसऱ्या कुणीतरी दाखवले, एवढंच मी सांगू शकते.

त्या दिवशी मी तलावाची लांबी पोहले, सावली बघत बघत. सावली सोबत होती, पण ती मला काही करू शकत नव्हती. मॅडमनी मला एक गोष्ट शिकवली: पाय खाली लोंबतात म्हणून वेग जातो, तर छाती पाण्यात दाबायची, म्हणजे कंबर वर येते आणि पाय मागोमाग येतात. ते जमायला वेळ लागला. जमलं तेव्हा सावलीतल्या त्या दोन रेघा सरळ माझ्या मागं येऊ लागल्या. खांद्यानं आता हात टेकले आहेत, डॉक्टर शर्यत बंद करा म्हणतात, आणि म्हणूनच मी हे सगळं लिहीत बसले आहे. पण छाती दाबायची ती युक्ती मी समुद्रातल्या शेवटच्या शर्यतीतसुद्धा वापरली.

निवडीच्या दिवशी आबा आले. मागच्या वेळची काही माणसं काठावर होती. त्यांतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "ही तीच ना, बुडाली ती?" अक्कानं ते ऐकलं. मला पाण्यात सोडताना ती एवढंच म्हणाली, "त्यांना बघू दे." शिट्टी झाली. परतूरची एक मुलगी माझ्याहून पुष्कळ चांगली पोहायची, तिचे पाय चांगले होते, एक हात नव्हता. ती पहिली आली. दुसरी मी. भिंतीला हात लागला तेव्हा मला वर बघायचं सुचेना, मी तशीच काठ धरून पाण्यात तोंड घालून राहिले, आणि अक्काला वाटलं पुन्हा काही झालं. ती कपड्यानिशी पायऱ्यांवर उतरली होती. आबा धोतर सावरत कडेनं येत होते. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा आबांनी मॅडमना हात जोडले आणि मग काय करावं हे न कळून पहाऱ्यावरच्या त्या माणसालाही हात जोडले.

राज्याच्या स्पर्धा पुण्याला होत्या. अक्का येऊ शकत नव्हती. तिच्या सासूबाईंचा निरोप आला होता की आता बास, घरी ये. म्हणजे तिथं मला साळवे मॅडम उचलणार होत्या. त्यानंतर आजवर किती हातांनी मला पाण्यातून काढलं असेल! आमच्या खेळात तो नियमच आहे. पोहून आलं की दोन मदतनीस तुम्हाला काखेतून आणि गुडघ्याखालून उचलतात आणि सायकलपर्यंत नेतात. काही हात चेन्नईजवळच्या एका किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या पोरींचे होते, काही ज्यांची भाषा मला येत नाही अशा बायकांचे. चढावर ढकलणाऱ्यांवर ओरडणारी मी, मला हे शिकावं लागलं की कसं उचलायचं हे आपण नीट सांगायचं असतं. ते सांगायला मी कुणाकडून शिकले, तेही याच आठवड्यात घडलं.

निवड संपल्यावर अक्काची एस.टी. होती. बाळ तिच्या कडेवर होतं, पिशवी आबांच्या हातात. मी अजून काठावर बसलेली, ओली. मॅडम म्हणाल्या, "तू जा कमल, मी घेते हिला." आणि त्यांनी मला उचलायला हात घातला. मी किंचाळले.

"असं न्हाई मॅडम," अक्का परत आली. "पोटरीला हात न्हाई लावायचा. गुदगुल्या होतात तिला. ती अंग झटकून उसळती, मंग दोघी पडाल."

"गुदगुल्या होतात?" मॅडम चकित झाल्या. "मला वाटलं पायांत काही कळत नसेल."

"सगळं कळतं. हलत न्हाईत, एवढंच." अक्कानं बाळ आबांकडं दिलं. ती खाली बसली, मॅडमचा हात धरून माझ्या गुडघ्यामागं नेऊन ठेवला. "हितं. गुडघ्याच्या मागं, पूर्ण हात. आन् उचलायच्या आधी तिला सांगा. न सांगता उचललं तर तिला राग येतो. एकदा रागावली की दिवसभर बोलत न्हाई."

"मी बोलते," मी म्हटलं.

"तू गप."

मॅडमनी मला उचललं. अक्काला पसंत पडलं नाही. तिनं त्यांना मला खाली ठेवायला लावलं, माझ्या पाठीमागचा हात आणखी खाली सरकवला आणि पुन्हा उचलायला सांगितलं. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. आबा म्हणाले, "कमल, गाडी जाईल." "जाऊ द्या," ती म्हणाली आणि मॅडमना पुन्हा खाली ठेवायला लावलं. "मी आता उचलते हं," मॅडम मला म्हणाल्या, आणि त्यांनी मला पुन्हा उचललं तेव्हा अक्कानं हात लावला नाही. तिनं आबांकडून लेकीला कडेवर घेतलं, दोन पावलं मागं सरकली, आम्हा दोघींकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "आता बराबर."